मदत हवी आहे: कळमन्यासाठी वॉकीटॉकी, आयपी ५४ की आयपी ६७?

नमस्कार मंडळी. नागपूरच्या कळमना मार्केटला मिरचीच्या आवकीत आमच्या हमाल-मापाड्यांसाठी सहा-सात वॉकीटॉकी घ्यायचे आहेत. तिथली धूळ साधी नाही जी. पोती उलटली की लाल भुकटी उडते, स्पीकरच्या जाळीत बसते आणि बोलायचं बटण चिकट होऊन दाबलेलंच राहतं. शिवाय जून-जुलैत उघड्यावर पाऊस.

वाचून एवढं कळलं: आयपी म्हणजे धूळ-पाण्यापासून बचावाचा दर्जा; त्यात पहिला आकडा धुळीचा, दुसरा पाण्याचा. धुळीत ५ म्हणजे थोडी धूळ आत गेली तरी काम अडत नाही, ६ म्हणजे धूळ आत जातच नाही. पाण्यात ४ म्हणजे चहूबाजूंनी उडणारे शिंतोडे, ७ म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास. आकड्याऐवजी एक्स असेल, तर त्या बाबतीत दर्जा दिलेलाच नसतो. दुकानदार आयपीएक्स ७ दाखवून "धुळीलाही चालतं" म्हणतो, ते मला पटत नाही.

आता विचारायचं ते असं. ७ चा अर्थ पाइपच्या जोरदार फवाऱ्यालाही टिकतो असा होत नाही ना? मग भुकटी धुवायची कशी? इअरफोनच्या खाचेवरचं रबरी झाकण उघडं ठेवून इअरफोन लावला, तर दर्जा उरतो का? बॅटरी रोज काढून-घालून रबरी पट्टी झिजते, ती वेगळी मिळते का?

जिनिंगमध्ये किंवा खाणीत असे सेट वापरणाऱ्यांनी कृपया अनुभव सांगा. माणसं दिवसभर त्या ठसक्यात उभी असतात, त्यांच्या हातात धड चालणारी वस्तू द्यायची आहे.