पब्लिक पॉलिसीत एमए: गोव्यातल्या मुलाने करावं का?

खाणपट्ट्यातला_पोर

नमस्कार मंडळी. यंदा बीए झालो, अर्थशास्त्र मुख्य आणि जोडीला राज्यशास्त्र. राहणार डिचोली तालुका. बाबांचा खनिज वाहतुकीचा ट्रक होता. खाणी २०१२ ला थांबल्या, मध्ये थोडा काळ हलल्या, मग सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर १६ मार्च २०१८ पासून परत ठप्प झाल्या. ट्रक विकला, आता बाबा दुसऱ्याची पिकअप चालवतात. आईला गृह आधार योजनेचे महिन्याला दीड हजार मिळतात.

घरी एकच धोशा आहे: कर्मचारी निवड आयोगाची परीक्षा दे आणि कुठंतरी एलडीसी (कारकून) म्हणून चिकट. मामाचं मत बीएड. माझ्या डोक्यात मात्र पब्लिक पॉलिसी, म्हणजे सरकारी धोरणांचा अभ्यास, बसलंय. आमच्या ग्रामसभेत एकाने उठून विचारलं, की खाणग्रस्त भागासाठी जो जिल्हा खनिज निधी जमा होतो त्यातून आपल्या वाड्यावर काय आलं? सरपंच सचिवाकडे बघतो, सचिव फाईलकडे बघतो. मला वाटलं, हे शोधून काढणं हेच काम असेल तर मला ते आवडेल.

तर विचारायचं हे: याने नोकरी लागते का? कुठं शिकावं? गणित कितपत लागतं? आणि बाहेर दोन वर्षं राहायचा खर्च आमच्यासारख्याला झेपेल का? खरं काय ते सांगा, गोड नको.

म्हापशाचा_शुक्रवार

खरं हवंय ना? मग ऐक. गोव्यात सरकारी जाहिरातीत "एमए पब्लिक पॉलिसी" ही पात्रता माझ्या तरी डोळ्यांखालून गेलेली नाही. माझ्या चुलतभावाने दिल्लीत हा कोर्स केला, आता गुरुग्राममध्ये एका सल्लागार कंपनीत सरकारी खात्यांसाठी पॉवरपॉइंट बनवतो. पगार बरा आहे, चवथीला चार दिवस येतो. हेच हवं असेल तर जा. गावात राहून काही करायचं असेल तर एलडीसी हो आणि संध्याकाळी ग्रामसभेत भांड.

चोडणची_फेरी

शुक्रवारभाऊंचं म्हणणं खोटं नाही, पण अर्धंच आहे. मी हा कोर्स केलाय, गोव्याबाहेर. परत येऊन योजनांच्या मूल्यमापनाचं काम करते. काम कंत्राटी आहे, दर वर्षी मार्चमध्ये पोटात गोळा येतो. हे आधीच सांगून ठेवते.

मी चोडणची, म्हणजे खाजनातली. गोव्यात सगळी मिळून सुमारे १८ हजार हेक्टर खाजनं आहेत: भरतीच्या पातळीखालची, बांध घालून नदीकडून मिळवलेली जमीन. बांधात मानस असते, म्हणजे पाण्याचं दार. तिच्या लाकडी झडपा भरतीच्या दाबाने आपसूक मिटतात, ओहोटीला उघडतात. पावसात आत भात, एरवी मासळी. मानशीवर मासे धरायच्या हक्काची पावणी, म्हणजे लिलाव, होते आणि त्या पैशातून बांध राखायचा, असा जुना हिशेब. हे सगळं मी लहानपणापासून बघितलेलं. त्याच्यावर कोणी प्रबंध लिहू शकतो हे मात्र कधी सुचलं नव्हतं.

मी तोच विषय घेतला. खाजनं पडीक का पडतात, असं कुणालाही विचार, "हल्ली लोकांना शेती नको" हे उत्तर तयार असतं. जरा आत शिरलं की वेगळंच दिसतं. पूर्वी बांध गावकारी, म्हणजे गावाची जुनी सामायिक संस्था, सांभाळायची. १९६४ चा कूळ कायदा आला, १९७६ च्या पाचव्या दुरुस्तीने कसणारा मालक झाला. ते व्हायलाच हवं होतं, माझे आजोबा कूळच होते. पण बांधाची जबाबदारी कूळ संघांवर आली आणि बऱ्याच ठिकाणी हे संघ कागदावरच राहिले. आता पावणी घेणाऱ्याकडे बघ. त्याचा हक्क मुदतीपुरता. त्याला कोळंबी हवी, म्हणून खारं पाणी जितकं आत येईल तितकं बरं. शेतकऱ्याला तेच पाणी बाहेर हवं. कुर्ल्यांनी बांधाला भोक पाडलं, तर एकाच्या पोटावर पाय आणि दुसऱ्याची चंगळ. ते भोक बुजवायची घाई कोणाला असेल?

आणि खरा गुंता पुढे आहे. बांध फुटला आणि वेळेवर डागडुजी झाली नाही, की शेतात खारफुटी उगवते. ती वाढली की तोडता येत नाही, सीआरझेडचे (किनारी भागाचे) नियम लागतात, वनखातं येतं. शेतकरी एक चौदाचा उतारा (जमिनीची नोंद) दाखवून म्हणतो हे माझं शेत, समोरचा अधिकारी झाडं दाखवून म्हणतो हे संरक्षित. कृषी खात्याला भात हवं, मत्स्य खात्याला मासळी, वनखात्याला खारफुटी. प्रत्येक जण आपापल्या कायद्याप्रमाणे बरोबर, आणि शेत बुडालेलं. यात खलनायक शोधायला गेलास तर सापडत नाही. या कोर्सने मला हे बघायला शिकवलं, बाकी बरंच विसरले.

वर्गात एलिनॉर ऑस्ट्रॉम शिकवतात. २००९ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालेली बाई, हे नोबेल मिळवणारी पहिलीच स्त्री. सिंचन, मासेमारी, कुरणं यांचा अभ्यास करून तिने दाखवलं, की सामायिक मालमत्ता लोक स्वतः राखू शकतात, सरकार नाहीतर खासगी मालक एवढे दोनच पर्याय नसतात. फक्त हद्द कुठवर, राखण कोणाची, नियम मोडला तर दंड काय, हे ठरलेलं लागतं. माझ्या बाजूची मुलगी जपानमधल्या गावांची उदाहरणं घोकत होती. मला घोकायची गरजच पडली नाही, आमची गावकारी होती.

आता तुझ्या कामाचं. विषय कुठले असतात? अर्थशास्त्र, संख्याशास्त्र, राज्यघटना आणि कायदा, योजनेचं मूल्यमापन. आणि लिहिणं. चाळीस पानांचा अहवाल दोन पानांत आणायचा, तोही अशा माणसासाठी ज्याला वाचायला पाच मिनिटं आहेत. एक साधं उदाहरण देते. ऑगस्ट २०२२ मध्ये गोवा "हर घर जल" प्रमाणित झालेलं पहिलं राज्य ठरलं, तेही ग्रामसभांच्या ठरावांवर. नळजोडण्या खरंच आहेत. आणि मे महिन्यात कित्येक वाड्यांवर टँकरची वाट बघतात, तेही खरं आहे. योजनेत माणशी दिवसाला ५५ लिटर असा निकष आहे. पण जोडणी एकदा येऊन मोजता येते, लिटर रोज मोजावे लागतात. मग अहवालात काय येणार ते ओळख. आकडा खोटा नसूनही बाईच्या डोक्यावर कळशी का, हे दोन पानांत मांडता आलं की समज शिकलास.

कुठं शिकायचं: बंगळूरच्या नॅशनल लॉ स्कूलमध्ये दोन वर्षांचा मास्टर्स इन पब्लिक पॉलिसी आहे, त्याला त्यांचीच प्रवेश परीक्षा. कायदा आणि धोरण एकत्र हवं असेल तर चांगला. आयआयटी मुंबईतही आहे, तिथं आकडेमोडीचा भर जास्त. टाटा इन्स्टिट्यूटला (टिस) जायचं तर सीयूईटी पीजी ही सामायिक प्रवेश परीक्षा द्यावी लागते. त्यांच्या तुळजापूर कॅम्पसवर गाव आणि शेती यांचंच काम चालतं, मराठी येणाऱ्याला तिथं घरच्यासारखं वाटेल. बंगळूरच्याच अझीम प्रेमजी विद्यापीठात एमए डेव्हलपमेंट आहे. नाव वेगळं, पण तुझ्या प्रश्नाला ते जवळचं, आणि घरचं उत्पन्न बघून आर्थिक मदत देतात. तुझ्या परिस्थितीत मी पहिला अर्ज तिथं केला असता. ज्यांच्या जाहिरातीत परदेशी पाहुण्यांचे फोटो जास्त आणि फील्डवर्कबद्दल एक ओळ, त्या महागड्या खासगी कॉलेजांपासून लांब राहा. कर्ज काढून तर अजिबात नको.

गोव्यात राहायचं असेल तर ताळगावच्या पठारावर आपलं विद्यापीठ आहेच. अर्थशास्त्र किंवा समाजशास्त्रात एमए करून प्रबंध धोरणाच्या विषयावर घेता येतो. खर्च जवळजवळ नाही, घरचं जेवण, कदंबा बसचा पास. यात कमीपणा काही नाही.

नोकरीचं शुक्रवारभाऊंनी सांगितलंच: सल्लागार कंपन्या, स्वयंसेवी संस्था, संशोधन संस्थांतली सहायकाची कामं, सरकारी योजनांची कंत्राटी पदं. शिवाय पीआरएस या संसदेच्या कामाचा अभ्यास करणाऱ्या संस्थेची लॅम्प फेलोशिप आहे, २५ वर्षांपर्यंतच्या पदवीधरांसाठी. जवळजवळ वर्षभर एका खासदाराबरोबर संसदेचं काम. मास्टर्सच्या आधीच करून बघ, विद्यावेतन मिळतं.

आणि एक गोष्ट बाहेर गेल्यावरच मला कळली. बिहार, उत्तर प्रदेशची मुलं म्हणायची, मंत्रालय आणि आमचं गाव यांच्यामध्ये काय होतं ते दिसतच नाही. आपल्याकडे ४० आमदार, १२ तालुके, १९१ पंचायती. सकाळी पर्वरीला सचिवालयात माणूस भेटतो, दुपारी मामलेदाराकडे, संध्याकाळी वाड्यावर. एखादा निर्णय कुठं अडकला ते पायी चालत जाऊन बघता येतं. धोरण शिकणाऱ्याला याहून बरी जागा कुठली मिळणार? तोटाही तिथंच आहे म्हणा. ज्या अधिकाऱ्याच्या योजनेत तू खोट काढशील, तो तुझ्या मावशीचा दीर निघतो.

खाणपट्ट्यातला_पोर

ताई, एवढं कोणीच सांगितलं नव्हतं. देव बरे करो. आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, खाजनाचं कळलं, पण दर मार्चला पोटात गोळा येणारी नोकरी कशाला? गणिताचं मात्र राहिलं. बारावीला आर्ट्स होतं माझं.

निवृत्त_हेडक्लार्क

मी मामलेदार कचेऱ्यांत आयुष्य काढलं, म्हणून दोन शब्द. असाच कोर्स करणारी एक मुलगी आमच्याकडे उन्हाळ्यात इंटर्न म्हणून आली होती. आम्हाला वाटलं, चहा पिऊन प्रमाणपत्र घेऊन जाईल. तिने आवक नोंदवही मागितली आणि उत्पन्नाच्या दाखल्यांचे अर्ज परत का जातात ते ओळीने लिहीत बसली. आम्ही म्हणायचो, लोक कागदपत्रं आणत नाहीत. तिच्या यादीत सर्वांत वर निघालं नावाचं प्रकरण. जुन्या पोर्तुगीज नोंदीत "पोरोब", आधारवर "परब". मग प्रतिज्ञापत्र, मग नोटरी, मग म्हातारीची अजून एक फेरी. दयानंद सामाजिक सुरक्षा योजनेचे पैसे ज्यांना सर्वांत आधी मिळायला हवेत, त्यांचीच नावं सर्वांत जुन्या नोंदींत असतात. माझ्या टेबलावरून हे रोज जात होतं, पण मोजलं तिने.

तिच्या सांगण्यावरून साहेबांनी काउंटरवर एक कागद लावला, कुठल्या फरकाला काय पुरावा चालतो त्याचा. फेऱ्या कमी झाल्या. साहेबांची बदली झाली, नवीन साहेबांनी रंगकाम काढलं, कागद गेला तो गेलाच. म्हणून सांगतो पोरा, शिक जरूर, पण एलडीसीची परीक्षाही दे. आत बसलेल्यातल्या एकाला तरी हे कळत असेल तर कागद परत चिकटेल. आणि जुन्या गोव्याला एल्ला इथं ग्रामीण विकास प्रशासनाची जी प्रशिक्षण संस्था आहे, जिथं पंच-सरपंचांना शिकवतात, तिथलं साहित्य मिळालं तर वाच. पंचायतीला कायद्याने काय करता येतं हे निम्म्या पंचांना ठाऊक नसतं.

चोडणची_फेरी

काका, तुमच्यासारखा माणूस कचेरीत असता तर माझा प्रबंध निम्म्या वेळात झाला असता.

पोरा, गणिताचा बाऊ करू नकोस. टक्केवारी, सरासरी, आलेख वाचता येणं आणि दोन गोष्टी एकत्र घडल्या म्हणजे एकीमुळे दुसरी घडली असं नाही, एवढं पक्कं हवं. बीएला संख्याशास्त्राचा पेपर असेलच, तो उघड. एक्सेल नीट शिक. रिग्रेशन (आकड्यांतला संबंध मोजायची रीत) तिथं पहिल्या सत्रात शिकवतात, आमच्या वर्गात इतिहासवालेही पास झाले.

यंदाची सीयूईटी गेली. पुढचे अर्ज साधारण हिवाळ्यात निघतात, परीक्षा मार्चच्या सुमारास. तोवर रिकामा बसू नकोस, खनिज निधीचं खणायला घे. २०१५ च्या दुरुस्तीने खाण-खनिज कायद्यात हे आलं: जुन्या लीजवर रॉयल्टीच्या ३० टक्के, लिलावातल्या लीजवर १० टक्के रक्कम जिल्ह्याच्या प्रतिष्ठानात जमा व्हायची. उत्तर गोव्याच्या प्रतिष्ठानाकडे आरटीआय टाक, तुझ्या तालुक्यात मंजूर झालेल्या कामांची यादी माग आणि ती तुमच्या ग्रामसभेच्या ठरावांशी पडताळून बघ. गोव्याने स्वतःचा माहितीचा कायदा १९९७ ला केला होता, केंद्राच्या आठ वर्षं आधी. आपल्याकडे मागायची सवय जुनी आहे. प्रवेशाच्या निबंधात "मला समाजसेवेची आवड आहे" लिहिणारे ढिगाने असतात. तुझ्याकडे यादी असेल.

मसुदा इथं टाक, काका बघतील.

निवृत्त_हेडक्लार्क

बघतो. फी दहा रुपये, मुदत ३० दिवस, पोच घेतल्याशिवाय काउंटर सोडू नकोस. आणि "काम का झालं नाही" असं लिहू नकोस. त्यावर "ही माहिती या व्याख्येत येत नाही" असं एका ओळीत उत्तर देता येतं, मीही दिली आहेत तशी. "अमुक तारखेपासून मंजूर कामांची यादी, प्रत्येकाची रक्कम आणि काम पूर्ण झाल्याच्या दाखल्याची प्रत" असं लिही.