गावठाणातलं जुनं घर पाडून स्वतः बांधतोय: परवानगी कुणाची, कागद कोणते?

वाडीकर_सातारा

नमस्कार मंडळी. पाटण तालुक्यात गावठाणात वडिलोपार्जित दगड-मातीचं घर आहे. मिळकत पत्रिकेवर (प्रॉपर्टी कार्ड) 128 चौ.मी. क्षेत्र, नावं आजोबांची. मागची भिंत कलली आहे, त्यामुळे पूर्ण उतरवून तळमजल्याचं आरसीसी घर बांधायचं आहे. ठेकेदार न नेमता गवंडी आणि मजूर स्वतः लावणार आहोत. गावात सगळे म्हणतात, "ग्रामपंचायतीत एक अर्ज टाका, ठराव घ्या, झालं."

1) इंजिनिअरचा नकाशा खरंच लागतो का?
2) "दुरुस्ती" दाखवली तर परवानगी लागत नाही असं ऐकलं, ते बरोबर आहे का?
3) थोरल्या भावाला गावठाणापासून साधारण 150 मीटरवरच्या आमच्या शेतात घर बांधायचं आहे. त्यालाही ग्रामपंचायतीचाच दाखला चालेल का?
4) मागच्या बाजूने 11 केव्हीची (उच्च दाबाची) वीज लाईन जाते. किती अंतर सोडायचं?

आराखडा_कराड

सगळ्यात आधी गावठाणाची हद्द पाहा. हद्दीच्या आत आणि बाहेर परवानगी देणारं कार्यालय वेगळं असतं, आणि गावाकडच्या निम्म्या भानगडी इथेच सुरू होतात. उपअधीक्षक भूमी अभिलेख कार्यालयातून गावठाणाच्या नकाशाची प्रत काढा. तुमची मिळकत पत्रिका आहे म्हणजे घर गावठाणातच असणार, तरी नकाशा हातात असू द्या.

गावठाणात ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम 52 खाली ग्रामपंचायतीची परवानगी लागते. कशी घ्यायची ते 2020 च्या एकत्रिकृत विकास नियंत्रण नियमावलीत भूखंडाच्या आकारावर ठरतं. 150 चौ.मी.पर्यंत (साधारण 1600 चौ. फूट) मालकीचे कागद आणि परवानाधारक इंजिनिअर किंवा आर्किटेक्टने नियमानुसार असल्याचं प्रमाणित केलेला नकाशा ग्रामपंचायतीत दाखल करायचा. नगररचना खात्याकडे जावं लागत नाही. 150 ते 300 चौ.मी.ला ग्रामपंचायत कागद तपासून 10 दिवसांत बांधकाम प्रारंभ प्रमाणपत्र देते. त्याच्या वर गेलात की नगररचना खातं येतं. तुम्ही 128 मध्ये, म्हणजे पहिल्या गटात.

तेव्हा पहिल्या प्रश्नाचं उत्तर: हो, नकाशा लागतोच. मजूर स्वतः लावायला कायद्याची आडकाठी नाही, पण सही परवानाधारकाचीच हवी. साध्या अर्जावर ठराव घेऊन बांधलेली घरं गावोगाव आहेत. बँकेकडे कर्जाला गेल्यावर किंवा शेजाऱ्याने तक्रार केल्यावर त्या ठरावाचा उपयोग होत नाही. अर्ज दिला की प्रतीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घ्या. तुमच्या गटात ही पोचच तुमची परवानगी असते, म्हणून ती फाईलला लावून ठेवा. सरपंचांच्या तोंडी होकारावर जोतं काढू नका.

कागद: मिळकत पत्रिका, मोजणीची "क" प्रत (भूमी अभिलेखचा मोजणी नकाशा), सहहिस्सेदारांची संमती, नकाशाच्या तीन-चार प्रती आणि कर भरल्याची पावती. नमुना 8 चा उतारा जोडा, पण तो कर आकारणीचा कागद आहे, मालकीचा पुरावा नव्हे. हा घोळ फार होतो.

दुरुस्तीबद्दल: गिलावा, रंग, फरशी, त्याच उंचीवर कौलं बदलणं, आतला भार नसलेला आडोसा घालणं याला परवानगी लागत नाही. भिंत उतरवून पुन्हा उभी करणं मात्र पुनर्बांधणीत मोडतं, आणि तुम्ही तर पूर्ण घर उतरवताय. दुरुस्ती दाखवून बांधलंत तर पुढे नमुना 8 ला नवं बांधकाम नोंदवताना अडकाल.

सातबारा_प्रश्न

भावाच्या घरापुरतं लिहितो. गावठाणाबाहेर ग्रामपंचायतीचं ना हरकत पत्र ही बांधकाम परवानगी नसते. तिथे प्रादेशिक व नगररचना अधिनियम 1966 लागू होतो आणि परवानगी महसूल खात्यामार्फत, नगररचना खात्याच्या छाननीने मिळते. महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाच्या हद्दीतल्या गावात प्राधिकरणाकडेच जावं लागतं.

150 मीटर हे अंतर तुमच्या फायद्याचं आहे. जमीन महसूल संहितेच्या कलम 42-ड प्रमाणे गावठाणाच्या हद्दीपासून 200 मीटरच्या आतल्या जमिनीला निवासी वापरासाठी वेगळा अकृषिक आदेश घ्यावा लागत नाही. तहसील कार्यालयात अर्ज करून तेव्हा लागू असेल ती आकारणी भरायची. जमीन भोगवटादार वर्ग 2 (हस्तांतरावर सरकारी बंधन असलेली) असेल तर नजराणाही, म्हणजे सरकारला भरायची रक्कम, आला, म्हणून आधी सातबाऱ्यावर वर्ग बघा. अंतर हद्दीपासून मोजायचं, शेवटच्या घरापासून नाही. गावाची वस्ती बहुतेक वेळा गावठाणाच्या रेषेबाहेर पसरलेली असते, त्यामुळे डोळ्यांनी काढलेलं 150 मोजणीत वेगळं निघू शकतं.

आणि भावाचं क्षेत्र वेगळं करायचं म्हणून दोन-तीन गुंठ्यांचा तुकडा तोडून देऊ नका. तुकडेबंदीत (शेतजमिनीचे फार लहान तुकडे करण्यावरच्या बंदीत) अडकू शकेल. सामाईक सातबाऱ्यावर बाकीच्यांच्या संमतीने बांधणं सरळ पडतं.

परवानगी मिळाली की एक वर्ष चालते. काम रेंगाळलं तर मुदत संपण्याआधी वाढवून घ्यायची. महसुलाकडे अर्ज नियमानुसार असेल आणि 60 दिवसांत उत्तर आलं नाही तर नगररचना अधिनियमाच्या कलम 45 खाली परवानगी मिळाल्याचं मानलं जातं. त्यातला "नियमानुसार" हा शब्द फार महत्त्वाचा आहे. नकाशातच चूक असेल तर मानीव परवानगी टिकत नाही.

आराखडा_कराड

लाईनचं लिहायचं राहिलं. 11 केव्हीला बांधकामापासून आडवं अंतर किमान 1.2 मीटर आणि उभं 3.7 मीटर. घरगुती कमी दाबाच्या तारेला आडवं 1.2 आणि उभं 2.5. तार उन्हाळ्यात सैल पडते आणि वाऱ्याने झुलते. अंतर तिच्या सर्वांत खाली आलेल्या आणि सर्वांत बाहेर झुललेल्या जागेपासून धरायचं, आज दिसते तिथून नाही. छज्जा आणि पुढे येणारी गच्चीही हिशेबात घ्या. खरा धोका बांधताना असतो: सळई 12 मीटर लांब येते, ती उभी फिरवली की तारेला टेकते. त्या बाजूला सळई उभी करायचीच नाही, आडवी सरकवायची, असं गवंड्याला पहिल्याच दिवशी बजावा. अंतर बसत नसेल तर महावितरणकडे लाईन हलवण्याचा अर्ज करा. खर्च अर्जदाराचा असतो आणि वेळ लागतो, म्हणून पाया खणण्याआधीच.

भूकंपी_भाग

पाटण म्हणजे कोयनेचा पट्टा. 11 डिसेंबर 1967 च्या भूकंपानंतर इथे घराचा सांगाडा गवंड्याच्या अंदाजावर सोडणं बरोबर नाही. नकाशा पास करून घेतात आणि प्रत्यक्षात कॉलमची जागा हलवतात, हे सगळ्यात वाईट. लोखंडाचा तपशील स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून घ्या आणि तसाच बांधा.

साइटवर स्वतः बघायची गोष्ट म्हणजे कॉलमची रिंग, म्हणजे उभ्या सळ्यांना वेढून बांधणारी कडी. तिची दोन्ही टोकं 135 अंशांत वळून आत काँक्रीटमध्ये गेली पाहिजेत. गवंडी वेळ वाचवायला 90 अंशांत सोडतात. हादऱ्यात बाहेरचं काँक्रीट सुटलं की तशी रिंग उघडते आणि उभ्या सळ्या बाहेर वाकतात. बीम आणि कॉलमच्या जोडाजवळ रिंगा दाट हव्यात, साधारण 100 मि.मी.वर. "नंतर मजला चढवू" म्हणून वर सळ्या मोकळ्या ठेवणार असाल तर त्यांना सिमेंटचा घोळ लावून हलक्या काँक्रीटने झाका, नाहीतर पावसाळ्यांत गंजून कमजोर होतात. आणि वरच्या मजल्याला तेव्हा नवी परवानगी लागेलच. आत्ताची तळमजल्यापुरती आहे.

वाडीकर_सातारा

सगळ्यांचे मनापासून आभार. दोन शंका. पायाची माती तिथेच भरावाला वापरली तर तहसीलला काही भरावं लागतं का? आणि आजोबांच्या नावामुळे अडेल का? वडील आणि दोन आत्या वारस आहेत.

सातबारा_प्रश्न

त्याच जागेत वापरलेल्या मातीला स्वामित्वधन (माती-मुरुमावरची सरकारी रॉयल्टी) नाही. बाहेर विकली किंवा बाहेरून मुरूम आणलात तर वाहतूक पास हवा. ट्रॅक्टरवाल्याकडे पास आहे का ते बघून घ्या. विनापरवाना माल पकडला तर बाजारभावाच्या पाचपट दंड बसू शकतो.

नावाचं अडेल, आणि तेच आधी करा. वारस नोंद करून मिळकत पत्रिकेवर वडील आणि दोन्ही आत्यांची नावं लावा. नगर भूमापन असेल तर अर्ज भूमी अभिलेख कार्यालयातल्या परिरक्षण भूमापकाकडे. मग आत्यांचं संमतीपत्र. आत्या हक्क सोडणार असतील तर ते नोंदणीकृत हक्कसोड पत्रानेच करा, साध्या कागदावर नको. आणि नुसती बांधायला संमती देणार असतील तर "हक्क कायम ठेवून बांधकामास संमती" हे शब्द त्यात घाला. संमतीपत्राला नकाशाची प्रत जोडून तिच्यावरही त्यांच्या सह्या घ्या, म्हणजे कशाला संमती दिली यावर पुढे वाद राहत नाही.