सगळे रिपोर्ट नॉर्मल, दुखणं चालूच: दुर्बीण घालायला इतका उशीर का?

कृष्णाकाठची (धागाकर्ती)

मी ३३ वर्षांची, सांगलीची. उजव्या बाजूला ओटीपोटात चार वर्षं दुखत होतं. पाळीत ठणका असायचाच, पण एरवीही अशी कळ यायची की एसटीत उभी असले तर दांडा घट्ट धरून डोळे मिटून घ्यायचे. चार वर्षांत तीन सोनोग्राफ्या, एक एमआरआय, लघवीच्या तपासण्या किती त्याची गणती नाही. सगळं नॉर्मल. अपेंडिक्स नाही, मुतखडा नाही, सिस्ट नाही. एका डॉक्टरांनी गॅसवर गोळ्या दिल्या. दुसरे म्हणाले, "मूल झालं की थांबेल." मूल होत नव्हतं, हेही त्याच चार वर्षांतलं. तिसऱ्यांनी झोपेची गोळी लिहून दिली.

शेवटी पुण्यातल्या एका डॉक्टरबाईंनी अर्धा तास ऐकून घेतलं, पोट तपासलं आणि म्हणाल्या, "दुर्बीण घालून (लॅपरोस्कोपी करून) बघू या." बेंबीत एक सेंटीमीटरचा छेद, खाली अर्ध्या-अर्ध्या सेंटीमीटरचे दोन. पोटात कार्बन डायऑक्साइड भरून ते फुगवतात, म्हणजे दुर्बिणीला आत बघायला जागा होते. भूल पूर्ण. पाऊण तास लागला. गर्भपिशवीच्या मागे, पिशवी आणि गुदाशय यांच्यामधल्या खोलगट जागेत एंडोमेट्रिओसिसचे काळपट ठिपके निघाले, उजवीकडे जास्त. (गर्भपिशवीच्या आतल्या अस्तरासारखं अस्तर पिशवीच्या बाहेर वाढतं, तो हा आजार.) तिथल्या तिथे काढले. तुकडा तपासायला गेला, त्यातही तेच आलं.

वॉर्डात आणल्यावर आईनं माझा हात धरला आणि म्हणाली, "म्हणजे खरंच होतं गं?" चार वर्षं माझ्याबरोबर प्रत्येक दवाखान्यात आलेली माझी आई.

याला आता सहा आठवडे झाले. माझं म्हणणं इतकंच: सहा महिन्यांच्या वर दुखतंय, सोनोग्राफीत काही दिसत नाही, तर दुर्बीण लगेच घालावी. बाईला वर्षानुवर्षं गोळ्यांवर का फिरवायचं? तुमचं मत सांगा. वेगळं असेल तरी सांगा.

तिरफळ

शंभर टक्के सहमत. माझं लग्नाआधीपासून दुखायचं. ठाण्यात दुर्बीण घातली तेव्हा गर्भनलिकांवर बारीक पांढरे दाणे दिसले. तुकडा तपासला, टीबी! मला कधी खोकला नाही, ताप नाही, वजन उतरलं नाही. सहा महिने एकेटी, म्हणजे टीबीची औषधं, घेतली. आपल्याकडे गर्भाशयाचा आणि नळ्यांचा टीबी किती गुपचूप बसलेला असतो हे तोवर मला माहीतच नव्हतं. सोनोग्राफी पाच वेळा नॉर्मल आली होती.

घडीची_चादर

मला याच्या अगदी उलट लिहायचं आहे आणि लिहिताना हात थरथरतोय.

माझीही दुर्बीण झाली, दोन वर्षांपूर्वी, नाशिकला. काहीही सापडलं नाही. मी भुलेतून नीट बाहेरही आले नव्हते तेव्हा डॉक्टरांनी बाहेर जाऊन नवऱ्याला आणि सासूबाईंना सांगून टाकलं, "आतून एकदम स्वच्छ आहे, काळजीचं कारण नाही." मला ते संध्याकाळी सासूबाईंकडून कळलं.

त्या दिवसापासून माझं दुखणं खोटं ठरलं. आधी निदान "रिपोर्टात येत नाही" एवढं तरी म्हणायचे. आता "डॉक्टरांनी डोळ्यांनी बघितलंय" झालं. कळ आली की मी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडायची. सात महिने असे काढले.

मग एका मैत्रिणीनं ओटीपोटाच्या स्नायूंवर काम करणाऱ्या फिजिओथेरपिस्टकडे पाठवलं. बाईंनी आतून एका ठिकाणी बोटानं दाबलं आणि नेमकी तीच कळ आली. तळाचे स्नायू कायम आवळलेले होते, दगडासारखे. श्वासाचे व्यायाम, स्नायू सैल सोडायला शिकणं, आतून हलका मसाज. आठ महिन्यांनी मी पहिल्यांदा अख्खा सिनेमा बसून बघितला. हे दुर्बिणीला दिसणारच नव्हतं. ती बाहेरून बघते, स्नायूचा ताण तिला कळत नाही. मग आधी ती का घातली?

कृष्णाकाठची

ताई, वाचून पोटात कालवलं. पण हा दोष दुर्बिणीचा की सांगण्याच्या पद्धतीचा? "दुर्बिणीत काही दिसलं नाही" आणि "तुला काही झालेलं नाही" या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. डॉक्टरांनी दुसरी सांगितली.

घडीची_चादर

वेगळ्या आहेत, मान्य. पण आज, आपल्या दवाखान्यांत, आपल्या घरांत त्या एकच म्हणून सांगितल्या जातात आणि एकच म्हणून ऐकल्या जातात. तुझं सापडलं म्हणून तुझ्या आईनं हात धरला. नसतं सापडलं तर तिनं काय विचारलं असतं, याचा विचार कर. मला भांडायचं नाहीये. पण "लगेच घाला" हा सल्ला देताना रिकामा निकाल येणाऱ्या बाईचं पुढे काय होतं, तेही त्याच दमात सांगायला हवं.

ओपीडीतून

मी स्त्रीरोगतज्ज्ञ आहे, वीस वर्षं दुर्बिणीची कामं करते. मूळ मुद्द्याशी माझी असहमती आहे, म्हणून थोडं सविस्तर लिहिते.

सहा महिन्यांहून जास्त टिकलेल्या अशा दुखण्यासाठी निव्वळ तपासणी म्हणून दुर्बीण घातली, तर एक तृतीयांश ते निम्म्या जणींमध्ये काहीच सापडत नाही. घडीची_चादर यांच्यासारख्या बायका अपवाद नाहीत, हे लक्षात घ्या. दुसरं, एंडोमेट्रिओसिससाठी दुर्बीण हीच पहिली आणि शेवटची कसोटी, असं मी शिकले तेव्हा शिकवायचे. २०२२ च्या युरोपीय मार्गदर्शक तत्त्वांनी ते बदललं. सोनोग्राफी-एमआरआयमध्ये काही दिसत नसेल, किंवा औषधांनी गुण येत नसेल, किंवा औषधं देणंच योग्य नसेल, अशा वेळी दुर्बीण घालावी असं आता सांगतात.

तिसरं, धोका. हजारात सुमारे दोघींना गंभीर इजा होते: आतड्याला, मूत्राशयाला, मोठ्या रक्तवाहिनीला. आकडा लहान आहे. पण आतड्याची इजा कधीकधी टेबलावर लक्षातच येत नाही, दोन-तीन दिवसांनी पेशंट ताप आणि फुगलेलं पोट घेऊन येते. ज्यांचं आधी सिझर किंवा पोटाचं दुसरं ऑपरेशन झालंय त्यांना धोका जास्त.

आणि ज्यावर आम्ही डॉक्टरच कमी वेळ घालवतो ते म्हणजे हातानं तपासणं. पेशंटला पाठीवर झोपवून दुखऱ्या जागी बोट ठेवायचं आणि मान उचलायला सांगायचं. पोटाचे स्नायू ताठ झाल्यावर दुखणं वाढलं तर बऱ्याचदा ते पोटाच्या भिंतीतलं असतं, तिथे एखादी नस अडकलेली असते. त्या जागी बधिरतेचं इंजेक्शन दिलं की दुखणं थांबलेलं पेशंटला तिथेच कळतं. अशा बाईला भूल देऊन पोट फुगवायचं कशासाठी? योनीमार्गातून केलेली सोनोग्राफीही अनुभवी हातानं झाली तर पिशवी आणि गुदाशय एकमेकांवर मोकळे सरकतात की चिकटलेत ते कळतं. मशीन पुष्कळ ठिकाणी आहे, बघायला वेळ कुणी देत नाही.

तिरफळ यांची केस वेगळी आहे, तिथे दुर्बिणीनं आणि तपासायला घेतलेल्या तुकड्यानंच नेमकं निदान झालं. नुसत्या एका पीसीआर (टीबीच्या जंतूचे अंश शोधणारी तपासणी) रिपोर्टवर सहा महिने एकेटी सुरू करणारेही बघते मी, ते त्याहून वाईट.

कृष्णाकाठची

डॉक्टर, वेळ काढून लिहिलंत त्याबद्दल मनापासून आभार. पण तुम्ही दिलेल्याच निकषात मी बसते की. मला तीन महिने डायनोजेस्ट ही हार्मोनची गोळी दिली होती. दुखणं निम्म्यावर आलं, पण त्यानं अंडं फुटणं थांबतं आणि आम्हाला तर मूल हवं होतं. गोळी बंद, दुखणं परत. सोनोग्राफी कोरी. म्हणजे माझा नंबर तेव्हाच लागायला हवा होता, अडीच वर्षं आधी. वरवरचे ठिपके सोनोग्राफीत दिसत नाहीत, हेही मला ऑपरेशननंतर कळलं. तीन वेळा नॉर्मल म्हणून कागद हातात देताना एकानेही हे का सांगितलं नाही?

ओपीडीतून

तुमच्या बाबतीत मीही दुर्बीणच सुचवली असती. अडीच वर्षं वाया गेली हे खरं आहे आणि त्याची जबाबदारी आमच्याकडे येते. माझा विरोध "सगळ्यांना लगेच" याला आहे. आणखी एक सांगायला हवं. ठिपके किती आणि दुखणं किती, यांचा हिशेब जुळत नाही. दोन ठिपक्यांनी लोळणारी बाई मी पाहिली आहे आणि सगळं चिकटलेलं असून तक्रार नसलेलीही. काढल्यावर दुखणं परतही येतं. सहा आठवड्यांवर निष्कर्ष काढू नका.

कोयत्याची_लेक

मी बीडची. डॉक्टरबाई, तुम्ही लिहिता ते पटतं, पण आमच्याकडं बायका याच्या पलीकडच्या भीतीनं दवाखान्यात पाय ठेवत न्हाईत. माझी माय ऊसतोडीला जायची. नवरा-बायको मिळून एक कोयता. पाळीच्या दुखण्यानं खाडा पडला की दंड. मग कुणीतरी सांगायचं, पिशवी काढून टाक, कटकट जाईल. २०१९ ला सरकारी समितीनं मोजलं तर एकट्या बीड जिल्ह्यात ऊसतोड बायकांत तेरा हजारांच्या वर पिशव्या काढलेल्या निघाल्या. त्यातल्या कितीजणींचं दुखणं आधी कुणी नीट तपासलं होतं?

माझ्या मावशीला "आत बघून घेऊ" म्हणून नेलं आणि पिशवी काढूनच परत आणलं. तवा ती एकतीस वर्षांची. ती आजबी म्हणते, मला कुणी विचारलं न्हाई. म्हणून "लगेच दुर्बीण घाला" हे वाचलं की मला धस्स होतं. सांगलीच्या ताईला चांगल्या डॉक्टर भेटल्या. सगळ्याजणींना भेटत न्हाईत.

पोटतिडीक

मी वकील आहे. कोयत्याची_लेक, तुमच्या मावशीसारखंच प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं होतं आणि २००८ मध्ये निकाल लागला. दिल्लीतल्या ४४ वर्षांच्या एका अविवाहित बाईंना तपासणीच्या दुर्बिणीसाठी भूल दिली होती. त्या बेशुद्ध असताना डॉक्टर बाहेर आल्या, आईची संमती घेतली आणि पिशवी, नळ्या, अंडाशय सगळं काढलं. न्यायालयानं सांगितलं की तपासणीला दिलेली संमती ही उपचाराची संमती नव्हे. जिवाला लगेच धोका असेल तरच डॉक्टर पुढे जाऊ शकतात. सज्ञान, शुद्धीवर येऊ शकणाऱ्या बाईच्या वतीनं तिच्या आईला संमती देता येत नाही. भरपाई मात्र फक्त २५ हजार मिळाली आणि डॉक्टरांची फी माफ झाली. भरपाईचा आकडा मला आजही खुपतो, तत्त्व मात्र पक्कं आहे. संमतीपत्र ही तुमची ढाल आहे, घाईत सही करू नका.

खर्चाचंही सांगते. मेडिक्लेममध्ये फक्त तपासणीसाठी दाखल होण्याचा खर्च वगळलेला असतो. विमा नियामकानं ठरवून दिलेल्या अपवादांतच तो आहे. "डायग्नोस्टिक" एवढाच शब्द कागदावर असला की कॅशलेस नाकारतात. काय सापडण्याची शक्यता आहे आणि सापडल्यास काय उपचार करणार, हे डॉक्टरांकडून आधी खरंखरं लिहून घ्या.

घडीची_चादर

हे माझ्या वेळी कुणी सांगितलं असतं तर. माझे ६२ हजार गेले, क्लेम फेटाळला.

कृष्णाकाठची

दोन दिवस सगळं वाचतेय. "सहा महिने झाले की लगेच" हे माझं वाक्य मी मागे घेते. चादरताईंचं आणि बीडच्या ताईचं वाचून ते तसंच ठेवता येत नाही. पण दुसरं वाक्य सोडणार नाही. दुर्बीण नको असेल तर "का नको आणि त्याऐवजी काय करणार" हे बाईला सांगा. हातानं तपासा, फिजिओकडे पाठवा, गोळी देऊन तीन महिन्यांनी परत बोलवा. गोळी सोडली तर मला चार वर्षांत यातलं एकच मिळालं, हातानं तपासणं, तेही शेवटच्या वर्षी. डॉक्टर, तुमच्या यादीतलं काहीच होत नाही आणि दुर्बीणही होत नाही, अशा मधल्या जागेत आम्ही बायका पडून असतो.

ओपीडीतून

याला माझ्याकडे उत्तर नाही. बरोबर आहे तुमचं.

लाजाळू_२९

आजच हा धागा दिसला. माझी दुर्बीण गुरुवारी आहे, कोल्हापूरला. औषधं झाली, फिजिओही पाच महिने केलं, फरक नाही. रात्री झोप लागत नाहीये. काय काय विचारून ठेवू?

कृष्णाकाठची

अगं, घाबरू नकोस. नेलपॉलिश काढून जा, बोटाला ऑक्सिजनचा चिमटा लावतात. काचेच्या बांगड्या घरी ठेव. येताना सैल गाऊन ने, परकराची नाडी बेंबीच्या टाक्यावर घासते. शुद्धीवर आल्यावर घसा खवखवेल, तो नळीमुळे. दुसऱ्या दिवशी पोटापेक्षा उजवा खांदा दुखेल, तो आत राहिलेल्या गॅसमुळे. मला कुणी सांगितलं नव्हतं, मला वाटलं हार्टचं काहीतरी झालं. हळूहळू चालत राहिलीस की दोन-तीन दिवसांत जातो. नळ्या मोकळ्या आहेत का बघायला निळा रंग सोडणार असतील तर दिवसभर लघवी हिरवी-निळी होईल, त्यात काही नाही. पण पोट फुगत चाललं, ताप आला, दुखणं कमी व्हायच्या ऐवजी वाढत गेलं, तर रात्रीचे दोन वाजले असले तरी फोन कर.

पोटतिडीक

संमतीपत्रावर स्वतःच्या अक्षरात लिही: "ठिपके किंवा चिकटलेला भाग दिसल्यास काढण्यास संमती. गर्भपिशवी, नळ्या किंवा अंडाशय काढण्यास संमती नाही." त्याचा फोटो काढून ठेव.

घडीची_चादर

आणि डॉक्टरांना आधीच सांग की निकाल काहीही असो, पहिल्यांदा मला सांगायचा, मी पूर्ण शुद्धीवर आल्यावर. बाहेर कुणालाही नाही.

लाजाळू_२९

तिन्ही लिहून घेतलं. बुधवारी भूलतज्ज्ञांना भेटायचंय, तेव्हाच सांगते.