शब्दचर्चा : ‘बदली पंच’, ‘टाळेबंदी’ आणि ‘वादग्रस्त’ निर्णय

प्रश्न

नमस्कार मंडळी. अमेरिकेतल्या आमच्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकासाठी मी अमेरिकन फुटबॉलवर एक लेख लिहिते आहे. इथल्या मुलांच्या आजी-आजोबांना हा खेळ कळावा, एवढीच इच्छा आहे. लेखाचा गाभा म्हणजे २०१२ चा हंगाम. त्या वर्षी एनएफएल या व्यावसायिक लीगने आपल्या नेहमीच्या १२१ पंचांना बाहेर ठेवलं. पहिले तीन आठवडे, म्हणजे ४८ सामने, त्यांच्या जागी दुसरेच लोक उभे होते. त्यांतले बरेच जण खालच्या दर्जाच्या कॉलेज स्पर्धांत किंवा शाळांच्या सामन्यांत पंचगिरी करणारे होते.

या लोकांना मराठीत काय म्हणू? ‘बदली पंच’, ‘हंगामी पंच’, ‘पर्यायी पंच’, ‘राखीव पंच’ असे चार शब्द कागदावर लिहिले आणि चारही खटकले. माझा कच्चा मसुदा असा आहे : “रेफरींच्या संपामुळे आलेल्या बदली रेफरींनी वादग्रस्त निर्णय दिले.” वाक्य छोटं आहे, पण काहीतरी चुकतंय असं सारखं वाटतं.

उत्तर

ताई, सगळ्यात आधी ‘संप’ खोडा. तो संप नव्हताच. जून २०१२ मध्ये जुना करार संपलेला होता, नव्या कराराची बोलणी फिसकटली आणि लीगने आपल्याच पंचांना कामावर घेणं थांबवलं. कामगार स्वतः काम थांबवतो तेव्हा संप होतो. मालक काम थांबवतो तेव्हा टाळेबंदी. इंग्रजी बातम्यांत शब्द बरोबर होता, पण तोंडी बोलताना लोक सर्रास ‘स्ट्राइक’ म्हणायचे, आणि आपण तेच उचलतो. एका शब्दाने दोष या पारड्यातून त्या पारड्यात जातो, म्हणून एवढं ठासून सांगतोय.

प्रश्नकर्ती

हे पटलं. पण टाळं कुठे होतं? मैदानं उघडी होती, सामने चालू होते, तिकिटं विकली जात होती. आणि २०२० नंतर ‘टाळेबंदी’ म्हटलं की आजोबांनाही करोनाच आठवणार.

उत्तर

वकिली करतो, म्हणून या एका शब्दापुरतं लिहितो. आपल्याकडे १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात टाळेबंदीची व्याख्या तीन पायांवर उभी होती : कामाची जागा तात्पुरती बंद करणं, काम स्थगित करणं, किंवा मालकाने कितीही कामगारांना कामावर ठेवायला नकार देणं. तिसऱ्या पायाला कुलूप लागत नाही. फाटक सताड उघडं असलं, आत यंत्र धडधडत असलं, पण तुम्हाला आत घेत नाहीत, तरी ती टाळेबंदीच. एनएफएलचं प्रकरण हे या तिसऱ्या प्रकाराचं अगदी स्वच्छ उदाहरण आहे.

करोनाकाळात ‘लॉकडाउन’साठी हाच शब्द रूढ झाला, ते मला तेव्हाही आवडलं नव्हतं. मुंबईत, सोलापुरात, इचलकरंजीत या शब्दाला आधीच एक जड अर्थ होता. तो परत वापरात आणायची संधी तुमच्या लेखामुळे मिळते आहे. ‘मालकाने केलेली टाळेबंदी’ असं एकदा लिहा, गोंधळ राहणार नाही.

उत्तर

मी लालबागचा. वडील गिरणीत बदली कामगार होते, साचाखात्यात, म्हणजे कापड विणायच्या मागांवर. म्हणून ‘बदली’बद्दल मला बोलावंच लागेल.

बदलीवाला रोज पहाटे भोंग्याआधी गेटवर जाऊन उभा राहायचा. कायम कामगारांपैकी कोण आलं नाही हे कळलं की त्याचा नंबर. काम मिळालं तर त्या दिवसाचा पगार, नाही तर घरी परत. बदली कार्ड जपून ठेवायचे, आई ते देवाच्या फळीवर ठेवायची. वर्षानुवर्षं असं चालायचं. १८ जानेवारी १९८२ ला जो संप सुरू झाला, त्यातल्या मागण्यांत बदली कामगारांना कायम करा ही मागणीही होती, हे आज कितीजणांना माहीत आहे?

सांगायचं असं, की बदलीवाल्याला काम यायचं. साचा चालवण्यात तो कायम कामगारापेक्षा कमी नव्हता, फक्त त्याची जागा कायम नव्हती. आणि तो यायचा गैरहजर माणसाच्या जागी. तुमच्या गोष्टीत माणूस हजर होता, दारच लावून घेतलं होतं. आत जे आले त्यांना त्या दर्जाचं काम येत नव्हतं. त्यांना ‘बदली’ म्हटलं की मला माझे वडील आठवतात आणि ते मला सोसत नाही.

प्रश्नकर्ती

दादा, तुमचं वाचून मी ‘बदली’ खोडला होता. मग ‘हंगामी’ घालून पाहिला, तर वेगळीच पंचाईत. क्रीडापानावर ‘हंगाम’ म्हणजे सीझन. ‘हंगामी पंच’ म्हणजे या हंगामाचे पंच, असाच अर्थ लागतो. सरकारी कचेरीत ‘हंगामी कर्मचारी’ चालतं, खेळाच्या लेखात चालत नाही.

उत्तर

‘पर्यायी’ही नको. पर्याय निवडता येतो, इथे प्रेक्षकाला निवड नव्हती आणि खेळाडूलाही नव्हती. ‘राखीव’ तर मुळीच नको, कारण त्या भांडणात खरे राखीव पंच हा वेगळा मुद्दा होता. लीगला जादा पंचांची एक फळी हवी होती, म्हणजे कुणाचं काम घसरलं तर त्याच्या जागी दुसरा उभा करता येईल. पंचांच्या संघटनेला त्यात आपल्या जागा जाण्याची भीती दिसत होती. तो शब्द त्या फळीसाठी ठेवा.

आणि मुख्य भांडण कशावर होतं ते तुमच्या आजी-आजोबांना एका वाक्यात कळेल : जुनी पेन्शन. पंचांना निवृत्तीनंतर ठरावीक रक्कम मिळण्याची योजना होती. लीगला ती बंद करून दोघांच्या वर्गणीतून खात्यात पैसे साठवायची, बाजाराच्या चढउतारावर अवलंबून असलेली योजना आणायची होती. आपल्याकडे नोव्हेंबर २००५ नंतर लागलेल्या राज्य सरकारी कर्मचाऱ्यांच्या वाट्याला नेमकं हेच आलं आणि मार्च २०२३ मध्ये त्यावरून महाराष्ट्रभर संप झाला. ‘डिफाइन्ड बेनिफिट’चा शब्दशः अनुवाद करत बसू नका. ‘जुनी पेन्शन’ म्हणा, घराघरात कळतं.

उत्तर

‘रेफरी’ या शब्दावर कुणीच बोललं नाही. मी खो-खोचा पंच म्हणून पंचवीस वर्षं मैदानावर उभा राहिलोय. अमेरिकन फुटबॉलच्या मैदानावर सात अधिकारी असतात आणि त्यांतला रेफरी एकच, पांढऱ्या टोपीचा. बाकीच्यांच्या टोप्या काळ्या. अंपायर, लाइन जज, फील्ड जज, साइड जज, बॅक जज असे प्रत्येकाचे हुद्दे आणि प्रत्येकाचा मैदानाचा तुकडा ठरलेला. सगळ्यांना मिळून ‘रेफरी’ म्हणणं इंग्रजीतही बोलण्यापुरतंच आहे.

आपल्या खो-खोत दोन पंच आणि त्यांच्यावर एक सरपंच असतो. वाद झाला तर शब्द सरपंचाचा. पांढऱ्या टोपीवाल्याला ‘सरपंच’ म्हटलं तर त्याचं काम एका शब्दात पोचतं. ग्रामपंचायतीची आठवण होईल म्हणून बिचकू नका. गावात न्याय करणारा आणि मैदानावर न्याय करणारा यांना आपल्या भाषेने एकच नाव दिलं, ती आपली श्रीमंती आहे. पंच पाच असले पाहिजेत असंही काही नाही, पंचनाम्याला दोनच पंच असतात.

प्रश्नकर्ती

‘सरपंच’ घेतला, काका. मनापासून आभार. आता उरला ‘वादग्रस्त’. त्यासाठी तो प्रसंगच लिहिते, मग सांगा.

२४ सप्टेंबर २०१२, सोमवार रात्र, सिअ‍ॅटल. सीहॉक्स विरुद्ध ग्रीन बे पॅकर्स. पॅकर्स १२-७ पुढे, आठ सेकंद उरलेले. सीहॉक्सच्या रसेल विल्सनने २४ यार्डांवरून शेवटचा उंच फेक टाकला. गोलरेषेपलीकडे सगळे एकदम उडाले. पॅकर्सच्या एम. डी. जेनिंग्जने चेंडू छातीशी धरला, सीहॉक्सच्या गोल्डन टेटचे हातही चेंडूवर होते, दोघे एकत्र खाली पडले. ढिगाऱ्यापाशी दोन पंच समोरासमोर आले. एकाने दोन्ही हात वर केले, म्हणजे टचडाउन, गोलरेषेपलीकडे चेंडू मिळवल्याचे गुण सीहॉक्सना. दुसऱ्याने डोक्यावर हात हलवून वेळ थांबवण्याची खूण केली. तो फोटो अमेरिकेत घरोघरी पोचला. चित्रफीत तपासून टचडाउन कायम ठेवलं, सीहॉक्स १४-१२ ने जिंकले. चेंडू यायच्या आधी टेटने पॅकर्सच्या सॅम शील्ड्सला दोन्ही हातांनी ढकललेलं सगळ्यांना दिसलं होतं, त्याचा फाउल कुणी दिला नाही.

मी तेव्हा याच शहरात होते. घरचा संघ जिंकला होता आणि आमच्या घरात कुणी टाळी वाजवली नाही.

उत्तर

इथे दोन निर्णय आहेत आणि त्यांना एकच विशेषण लावणं अन्यायाचं आहे.

ढकलणं हा वादाचा विषयच नाही. दुसऱ्या दिवशी लीगने स्वतःच सांगितलं की तो फाउल द्यायला हवा होता आणि दिला असता तर सामना तिथेच संपला असता. त्याला ‘चुकीचा निर्णय’ म्हणा. ‘वादग्रस्त’ म्हटलं की दोन्ही बाजूंना थोडंथोडं खरं असल्याचा भास होतो. आपली वर्तमानपत्रं हा शब्द ढालीसारखी वापरतात, त्याचा मला मनापासून राग आहे.

झेलाचं मात्र खरंच वादग्रस्त. नियम असा, की दोन प्रतिस्पर्ध्यांनी एकाच वेळी झेल घेतला आणि दोघांनीही तो सोडला नाही, तर चेंडू फेकणाऱ्या संघाचा. पण एकाने आधी ताबा मिळवला आणि दुसऱ्याने नंतर हात घातला, तर तो सामाईक झेल नाही. सातबाऱ्यावर ‘सामाईक’ हा शब्द बघितलेल्या माणसाला हे शिकवावं लागत नाही. सगळा तंटा ‘आधी ताबा कोणाचा’ यावर. माझ्या मते जेनिंग्जचा. पण उडालेल्या दोन माणसांच्या चार हातांत ते क्षणार्धात ठरवायचं होतं, हेही लिहा.

उत्तर

आणखी एक बारकावा. चित्रफीत बघून ‘निर्णय बरोबर’ असं म्हटलं नव्हतं, ‘निर्णय कायम’ असं म्हटलं होतं. दोन्हींत फरक आहे. कायम म्हणजे बदलण्याइतका ठोस पुरावा सापडला नाही. क्रिकेटमध्ये ‘अंपायर्स कॉल’ आल्यापासून आपल्या प्रेक्षकाला हा फरक माहीत आहे. तुम्ही ‘शिक्कामोर्तब’ लिहिलं तर अर्थ बिघडेल.

उत्तर

एक राहिलं. त्या लोकांना तेव्हा अमेरिकेत संपफोडेही म्हणत होते. आपण म्हणावं का?

उत्तर

लालबागवाला पुन्हा. संप नसताना संपफोड्या कसा? पण दुसऱ्याच्या बंद दारातून आत गेला हेही खरं. मी दोन दिवस विचार केला. त्यांत शॅनन ईस्टिन होत्या, एनएफएलच्या नियमित हंगामातल्या सामन्यात उभ्या राहिलेल्या पहिल्या महिला पंच, ९ सप्टेंबर २०१२. आयुष्यभर लहान मैदानांवर उन्हात उभं राहिलेल्या माणसाला सगळ्यात मोठं मैदान एकदा बोलावतं, तेव्हा नाही म्हणणं सोपं नसतं. मी त्यांना शिवी देणार नाही. ज्यांना ते काम झेपणार नाही हे ठाऊक असून ज्यांनी उभं केलं, त्यांच्याकडे बोट दाखवा.

‘बदली’ वापरायचाच असेल तर एकटा वापरू नका. ‘टाळेबंदीतले बदली पंच’ म्हणा. मग वाचणाऱ्याला कळेल की जागा रिकामी नव्हती, रिकामी केली होती. एवढं झालं तर माझी हरकत नाही.

प्रश्नकर्ती

दादा, तुमचाच शब्द घेते. बदललेला मसुदा :

“जुन्या पेन्शनवरून बोलणी फिसकटली आणि लीगने आपल्या १२१ पंचांवर टाळेबंदी लादली. टाळेबंदीतल्या बदली पंचांनी सिअ‍ॅटलच्या सामन्यात एक फाउल न देण्याची उघड चूक केली आणि एका झेलावर वादग्रस्त निर्णय दिला. तो निर्णय सरपंचांनी चित्रफीत पाहून कायम ठेवला. दोनच दिवसांनी, २६ सप्टेंबरच्या रात्री करार झाला. २७ तारखेला बाल्टिमोरच्या मैदानावर नेहमीचे पंच परत आले तेव्हा प्रेक्षक उभे राहून टाळ्या वाजवत होते.”

शेवटच्या वाक्यात ‘नेहमीचे’ लिहिलंय. ‘खरे’ लिहिणार होते, मग शॅनन ईस्टिन आठवल्या.