पाळण्यातले पाय आणि एनबीएचा ड्राफ्ट

बेंचवरचा (धागाकर्ता)

मुलाचे पाय पाळण्यात दिसतात असं म्हणणाऱ्याने एनबीएचा, म्हणजे अमेरिकेतल्या बास्केटबॉल लीगचा, ड्राफ्ट पाहिलेला नसावा. ड्राफ्टमध्ये संघ नवे खेळाडू एकेक करून क्रमाने निवडतात. दरवर्षी तीस संघ विशीच्या आतबाहेरच्या पोरांची उंची, उडी, हाताचा पंजा, सगळं फुटपट्टी लावून मोजतात आणि तरी गंडतात. २०१३ साली क्लीव्हलँडने पहिल्या क्रमांकावर अँथनी बेनेटला घेतलं. पहिल्या चार सामन्यांत त्याचा एकही फील्ड गोल (चालू खेळातली बास्केट) झाला नाही. चार हंगामांत चार संघ फिरला आणि लीगमधून बाहेर. त्याच रात्री पंधराव्या क्रमांकावर मिल्वॉकीने ग्रीसचा एक काटकुळा पोरगा उचलला, यानिस अँटेटोकुन्पो. पुढे तोच लीगचा मोठा स्टार झाला, हे सगळ्यांना माहीत आहे.

पण माझा मुद्दा वेगळा आहे. 'बस्ट', म्हणजे फसलेली निवड, हा शिक्का पोराच्या कपाळावर का? निवडणारे दुसरेच असतात. डार्को मिलिचिचचं बघा. २००३, लेब्रॉन पहिला, डार्को दुसरा. त्याच्यामागे पुढे स्टार झालेले कार्मेलो, बॉश, वेड ओळीने उभे. आजही लोक डार्कोला हसतात. पण डेट्रॉइट तेव्हा ५० सामने जिंकलेला संघ होता, तो क्रमांक त्यांना जुन्या सौद्यातून मिळालेला. अठरा वर्षांच्या सर्बियन पोराला विजेतेपदाच्या मागे लागलेल्या संघात कोण खेळवणार? तो बेंचवर बसून राहिला आणि डेट्रॉइट २००४ मध्ये चॅम्पियन झालं. गंमत म्हणजे त्या संघाचा सेंटर (बास्केटजवळ खेळणारा उंच माणूस) होता बेन वॉलेस, ज्याला १९९६ च्या ड्राफ्टमध्ये कुणी घेतलंच नव्हतं.

आकडेमोड

असहमत. लॉटरी लागलेल्याचाच फोटो पेपरात येतो, तिकीट फाडून टाकणाऱ्याचा नाही. ४१ व्या क्रमांकावर निवडला जाऊन स्टार झालेला योकिच आठवतो, पण बाकीच्या ४१ व्यांपैकी पाच नावं सांगा, न शोधता. आणि पहिल्या क्रमांकावरचे? ओलाजुवॉन, डेव्हिड रॉबिन्सन, शॅक, आयव्हरसन, डंकन, लेब्रॉन. स्काउट, म्हणजे खेळाडू हेरणारे, एवढे ठार आंधळे असते तर ही यादी झाली असती का? बेनेट अपवाद आहे म्हणूनच त्याचे किस्से चालतात.

सकाळी साडेसहा

दोघांनाही थोडं थोडं पटतं :) पण 'गंडतात' म्हणताना लोक नेहमी १९८४ काढतात, त्याबद्दल बोलतो. पोर्टलंडने दुसऱ्या क्रमांकावर सॅम बोवी घेतला, शिकागोला तिसऱ्यावर जॉर्डन मिळाला. आता हसायला सोपं आहे. पण पोर्टलंडकडे आदल्याच वर्षी घेतलेला क्लाइड ड्रेक्सलर होता, त्याच जागेवर खेळणारा. त्यांना हवा होता उंच माणूस. हिशोब चुकीचा नव्हता.

चूक होती ती वेगळीच. बोवीच्या नडगीच्या दुखण्यात कॉलेजचे दोन अख्खे हंगाम गेले होते. ते डोळ्यांसमोर असून घेतला. आणि २००७ मध्ये त्याच पोर्टलंडने ड्युरंटला सोडून ग्रेग ओडन घेतला! पहिला हंगाम गुडघ्याच्या शस्त्रक्रियेत गेला, सगळ्या कारकिर्दीत मिळून १०५ सामने. पण ओडनला बस्ट म्हणणं मला जमत नाही. गुडघा दगा देतो तेव्हा माणूस काय करणार.

डावा लेअप

@बेंचवरचा, पोरांची एवढी कीव नको. पहिल्या फेरीत निवड झाली की कराराच्या पैशांची हमी मिळते, दुसऱ्या फेरीत तशी हमी नसते. वरच्याला संधीवर संधी मिळते. क्वामे ब्राउन, २००१ चा पहिला, बारा हंगाम टिकला. कुठल्या संघाला ना कुठल्या वाटतच राहिलं की याच्यात काहीतरी असेल. उलट आयझेया थॉमस, पाच फूट नऊ इंच, २०११ चा साठावा म्हणजे अगदी शेवटचा. २०१६-१७ मध्ये बॉस्टनकडून सामन्यामागे २८.९ गुण काढले, तरी त्याच उन्हाळ्यात त्याला क्लीव्हलँडला धाडलं. साठाव्याला दरवर्षी नव्याने परीक्षा. माझी सहानुभूती तिकडे.

पोस्टअप

योकिचवरून आठवलं, त्याला घेणाऱ्या 'डेन्व्हरची पारख' हे प्रकरण जरा तपासून घ्या. २०१४ च्या त्या रात्री डेन्व्हरने ११ वा क्रमांक शिकागोला देऊन १६ आणि १९ घेतले. १६ व्यावर कोण आला? युसुफ नुर्किच. म्हणजे सेंटर त्यांनी आधीच घेतला होता, योकिच नंतर ४१ वा. टीव्हीवर त्याचं नाव झळकलं तेव्हा जाहिरात चालू होती, आणि तो स्वतः सर्बियात झोपलेला. पुढे एक वर्ष तिकडेच खेळला, अ‍ॅड्रिअ‍ॅटिक लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला, मग आला. आल्यावरही २०१६ च्या डिसेंबरपर्यंत हा आणि नुर्किच एकत्र बसतात का, याचेच प्रयोग चालले होते. तीन एमव्हीपी (हंगामातला सर्वोत्तम खेळाडू) आणि २०२३ चं विजेतेपद नंतरचं. याला पारख म्हणायचं की कावळा बसायला आणि फांदी मोडायला?

आकडेमोड

@पोस्टअप, म्हणजे माझंच सिद्ध झालं की! दुसऱ्या फेरीत नशीब. पहिल्या पाचात हिशोब.

पोस्टअप

हिशोब? २००९ मध्ये मिनेसोटाकडे पाचवा आणि सहावा असे लागोपाठ दोन क्रमांक होते. दोन्हींवर पॉइंट गार्ड, म्हणजे खेळ रचणारे, घेतले, रुबियो आणि जॉनी फ्लिन. सातवा गोल्डन स्टेटचा होता. त्यांनी घेतला पुढे लीग गाजवणारा पॉइंट गार्ड. करी.

आकडेमोड

…बरं.

नेट फाटलेली

आपल्याकडचा एक मुद्दा कुणीच काढला नाही. २०१५ मध्ये डॅलसने ५२ व्या क्रमांकावर सतनाम सिंगला घेतलं, सात फूट दोन इंच, पंजाबातल्या बल्लो के गावचा. भारतात जन्मलेला, एनबीए ड्राफ्टमध्ये निवडला गेलेला पहिला खेळाडू. त्या दिवशी आमच्या कोर्टवर आम्ही पेढे वाटले होते, खोटं नाही. पण एनबीएचा एकही सामना त्याच्या वाट्याला आला नाही. पुढे तो कुस्तीच्या शोमध्ये गेला. उशिरा निवडलेला प्रत्येक जण झाकलं माणिक असतो, असं वाटत असेल तर हे आठवा.

बेंचवरचा (धागाकर्ता)

सतनामचं बरोबर आहे, पेढे मीही खाल्ले होते. डावा लेअप, क्वामेचा मुद्दा मान्य. आकडेमोड यांचाही अर्धा मान्य, वरचे क्रमांक जास्त चालतात हे खरंच आहे.

डार्कोवर मात्र ठाम आहे. १९९९ मध्ये सॅन अँटोनियोने मनू जिनोबिलीला ५७ वा घेतला, ५८ जणांत. त्याला २००२ पर्यंत इटलीत खेळू दिलं. पंचवीस वर्षांचा, तिकडे युरोलीग जिंकलेला गडी आला आणि पुढे चार विजेतेपदं. डार्कोला अशी तीन वर्षं कुणी दिली असती तर तो ऑलस्टार झाला असता असं मी म्हणत नाही. पण डेट्रॉइटने त्याला तिसऱ्याच हंगामात ऑर्लँडोला देऊन टाकलं. तेव्हा तो वीस वर्षांचा होता.