पप्पा चर्चचे पाळक होते, सुतारही होते. पाच मिनिटांत काय सांगू?

धाकटा नगरकर:
सलाम. येत्या रविवारी पप्पांच्या स्मरणार्थ उपासना आहे आणि बोलायचं काम माझ्या गळ्यात पडलंय. पप्पा नगर जिल्ह्यातल्या खेड्यांत पाळक होते. पण पाळकाच्या मानधनात पाच लेकरं वाढत नाहीत, म्हणून सोमवार ते शनिवार सुतारकाम. शनिवारी रात्री आई त्यांच्या नखांतलं पॉलिश रॉकेलच्या बोळ्याने काढायची, कारण सकाळी त्याच हातांनी प्रभुभोजनाची भाकर मोडायची असे. हात साबणाने कितीही धुतले तरी रॉकेलचा वास जरा राहायचाच.

दादाने कागद लिहून दिलाय. पाळकपदाची दीक्षा कधी झाली, कुठल्या मंडळीत (म्हणजे चर्चमध्ये) किती वर्षं, बाप्तिस्मे किती, लग्नं किती. सुतारकामाचं त्यात अक्षर नाही. म्हणतो, "पाळकसाहेबांच्या उपासनेत रंधा-पटाशी कशाला?" मला तर पप्पा आठवतात ते कानावर पेन्सिल, अंगावर भुसा आणि तोंडात रेव्हरंड ना. वा. टिळकांचं भजन असेच. रंधा भजनाच्या ठेक्यात चालायचा, कडवं संपलं की फळी उलटायची. काय करू?

माहेर पारनेर:
दादांचा कागद मंडळीच्या दप्तरात लावा, तिथे तो कामाचा आहे. उपासनेत वर्षांची यादी सुरू झाली की मागच्या बाकांवर घड्याळं बघतात, मीही बघते. एकच प्रसंग सांगा, पण नीट सांगा.

जुना वाचक, संगमनेर:
दादांना बायबलमधलं मार्क 6:3 काढून द्या. नासरेथचे लोक तिथे येशूलाच सुतार म्हणतात, मत्तय 13:55 मध्ये सुताराचा मुलगा. पौल करिंथात अक्विल्ला आणि प्रिस्किल्लाकडे राहून तंबू शिवायचा, कारण तिघांचा धंदा एकच (प्रेषितांची कृत्ये 18). आणि आपल्या नगरला हे नवीन आहे का? अमेरिकन मराठी मिशन 1831 साली इथे आलं, आणि पुढे शाळांबरोबर हातकामाचं शिक्षणही त्यांनी दिलंच. आमचे आजोबा तिथलेच सुतार. जाता जाता: बहात्तरच्या दुष्काळात तुमच्या पप्पांचं कसं चाललं?

धाकटा नगरकर:
काका, दुष्काळात टेबल-खुर्च्या कोण करून घेणार? आई सांगते, पप्पा खडी फोडायला गेले, दुपारच्या सुट्टीत तिथेच प्रार्थना घ्यायचे. मी तेव्हा जन्मलो नव्हतो.

प्रसंग म्हणाल तर कपाटाचा. प्रत्येक बहिणीच्या लग्नात पप्पांनी सागवानी कपाट दिलं. धाकट्या ताईच्या वेळी सांगाडा उभा झाला, दारांच्या फळ्या रंधून भिंतीला टेकवलेल्या. लग्नाला चार दिवस राहिले आणि मंडळीतली एक म्हातारी वारली. घरात पेटीपुरते पैसे नव्हते. पप्पांनी भिंतीकडे बघितलं, मग ताईकडे. ती उठून चहा ठेवायला गेली. रात्रभर करवत चालली, पहाटे पेटी तयार. दफनविधीही त्यांनीच केला आणि दुपारी येऊन ढलप्या झाडून काढल्या. दारांऐवजी आईच्या जुन्या साडीचा पडदा लावून कपाट ताईच्या सासरी गेलं. तिच्या सासूबाई त्यावर जे बोलल्या ते इथे लिहीत नाही.

पुढच्या पावसाळ्याआधी पप्पांनी नवी दारं केली आणि एसटीच्या टपावर बांधून श्रीरामपूरला नेली. कंडक्टरने लगेजचं तिकीट फाडलं. पोचल्यावर कळलं, बिजागऱ्या घरीच राहिल्या!

माहेर पारनेर:
अहो, मग हेच सांगा की! बिजागऱ्यांसकट.

धाकटी ताई:
भाऊ, मी पण वाचतेय हं. दोन दुरुस्त्या. मी चहा ठेवायला नाही, रडायला गेले होते. चहा मागाहून. आणि बिजागऱ्या आणायला पप्पा परत गेले नाहीत, आमच्या बाजारातूनच घेतल्या, मापाला जरा मोठ्या. म्हणून डावं दार अजून खाली घासतं. सासूबाईंनी नंतर त्याच कपाटात स्वतःचं लुगडं ठेवायला सुरुवात केली, तेही सांग. दादाला मी फोन करते. त्याला सांगते, दीक्षेची तारीख तूच वाच.