शब्दचर्चा : 'ओकामी' म्हणजे लांडगा की देव? आणि मराठीत काय म्हणायचं?

डिसेंबर २०२४ मधे ओकामी या जपानी व्हिडिओ गेमच्या पुढच्या भागाची घोषणा झाली तेव्हापासून मराठी गेमर लोक परत या गेमवर लिहायला लागलेत, आणि प्रत्येक जण नावाचा अर्थ वेगळा सांगतोय. कोणी 'लांडगा' लिहितं, कोणी 'महादेवता', एकाने तर चक्क 'सूर्यलांडगा' लिहिलंय. म्हणून हा धागा.

ज्यांनी खेळला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: २००६ साली पीएसटूवर (प्लेस्टेशन २) आलेला गेम, कॅपकॉमच्या क्लोव्हर स्टुडिओने केलेला, डायरेक्टर हिदेकी कामिया. आपण पांढऱ्या लांडग्याच्या रूपातली सूर्यदेवी अमातेरासू असतो आणि सगळं जग शाईने कुंचल्याने काढल्यासारखं दिसतं. मधेच चित्र थांबवून पडद्यावर आपण स्वतः कुंचला फिरवायचा, आकाशात गोल काढला की सूर्य उगवतो, वाळक्या झाडाभोवती गोल काढला की ते फुलतं. सुरुवातीला हा गेम खऱ्यासारख्या ग्राफिक्समधे करायचा बेत होता, पण पीएसटूला तो भार झेपेना म्हणून ते सुमी-ए या जपानी शाईच्या चित्रशैलीकडे वळले, आणि माझ्या मते गेमचं भलंच झालं.

आता शब्द. जपानीत 'ओओकामी' म्हणजे लांडगा, त्याला एकच चित्राक्षर आहे. पण गेमच्या नावात ते अक्षर नाहीच! तिथे दोन अक्षरं आहेत, 'मोठा' (ओओ) आणि 'देव' (कामी), त्यांचा उच्चारही ओओकामी. आणि अमातेरासूचं पूर्ण नाव अमातेरासू ओओमिकामी, ते लिहिताना शेवटी हीच दोन अक्षरं येतात. म्हणजे कानाला लांडगा, डोळ्याला मोठा देव, आणि माहितगाराला थेट देवीच्या नावाचा शेपटाकडचा भाग. एका शब्दात तिन्ही. हे मराठीत कसं आणायचं ते मला अजून सुचलेलं नाही, तुम्ही सांगा.

*

>> ओकामी की ओओकामी?

जपानीत ऱ्हस्व ओ चा 'ओकामी' वेगळा शब्द आहे, पारंपरिक खानावळीची किंवा सरायीची मालकीणबाई, किंवा सरकार-दरबार या अर्थी. म्हणून दीर्घ ओ महत्त्वाचा. पण मराठीत आपला ओ मुळातच दीर्घ धरला जातो, वृत्तात मोजताना तो गुरूच असतो, त्यामुळे नुसतं ओकामी लिहिलं तरी चालतं असं माझं मत. ओओ लिहिलं तर वाचणारा मधे थांबतो आणि शब्द तुटतो. खरी गडबड उलट 'कामी' मधे आहे, तिकडे का आणि मी दोन्ही आखूड आहेत आणि आपण ते ताणून म्हणतो. पण 'कमि' लिहायचं तर शुद्धलेखनाने शेवटचा इकार परत दीर्घ होऊन 'कमी' होतो आणि अर्थ भलतीकडेच जातो, तेव्हा कामीच ठेवा.

*

>> लांडगा आणि देव सारखेच कसे वाजतात, योगायोग का?

योगायोग नाही असंच बहुतेक ठिकाणी सांगतात, लांडग्याला मोठा देव म्हणता म्हणता तोच त्याचा शब्द झाला. जुन्या जपानी कवितेत लांडग्याला 'माकामी' म्हणजे खरा देव असंही म्हटलंय. कारण शेतीत आहे. रानडुक्कर आणि हरणं पीक खायची, लांडगा त्यांना खायचा, म्हणून डोंगरातल्या शेतकऱ्याला तो राखण करणारा वाटायचा. चिचिबूच्या मित्सुमिने देवळात आजही सिंहमुखी रक्षकांच्या जागी लांडग्यांच्या मूर्ती आहेत. जपानी लांडगा मात्र संपला, शेवटची खात्रीची नोंद १९०५ ची, नारा भागातली.

म्हणूनच नुसतं 'लांडगा' हे भाषांतर मला खटकतं. आपल्याकडे लांडगा म्हणजे मेंढरांचा वैरी, लांडगेतोड हा शब्दच बघा ना, आणि 'लांडगा आला रे आला'. त्यात देवपण कुठून येणार? ते देवपण आपल्याकडे वाघाला आहे, वाघोबा म्हणून शेंदूर लावून पुजतात. त्यामुळे भावनेने जवळचा शब्द शोधायचा तर तो वाघोबासारखा घडवलेला पाहिजे, प्राण्याचं नाव आणि आदर एकत्र. 'लांडगोबा' म्हणून बघा, मला तरी बरा वाटतो.

*

लांडगोबा आवडलं!! पण कामीला सरसकट 'देव' म्हणू नका अशी विनंती. कामी डोंगरात असतो, झऱ्यात असतो, एखाद्या म्हाताऱ्या झाडात असतो, त्या जागेचा असतो. कोकणात गोव्यात राखणदार म्हणतात ना, त्या जागेवरचा, ज्याला नारळ द्यायचा आणि ज्याच्या हद्दीत वाट्टेल तसं वागायचं नाही, कामीतले कितीतरी जण त्याच्या फार जवळ आहेत. गेममधलं पहिलं गाव कामिकी, कामी अधिक की म्हणजे झाड, तर ते 'देवझाड' होईल, आणि खरंच गावाचं रक्षण कोनोहाना नावाचं झाड करतं. अमातेरासूसाठी देवी ठीक आहे, बाकीच्यांना दैवत किंवा राखणदार म्हटलं तर मराठी कानाला लगेच कळतं कोण ते.

*

>> मग कुंचल्याची दैवतं (गेममधे कुंचल्याची एकेक शक्ती देणारी) सगळी '-गामी' का? नुरेगामी, काझेगामी...

तेच कामी. जपानीत दोन शब्द जोडले की दुसऱ्याचं पहिलं व्यंजन पुष्कळदा मऊ होतं, क चा ग. आपल्याकडे वाक् अधिक ईश वागीश होतं त्यासारखं, फरक इतकाच की आपल्याकडे पहिल्या शब्दाचा शेवट बदलतो, त्यांच्याकडे दुसऱ्याची सुरुवात. नुरे म्हणजे भिजलेलं, म्हणून पाण्याचा नुरेगामी, काझे म्हणजे वारा, मोए म्हणजे पेटणं, युमी म्हणजे धनुष्य म्हणून चंद्रकोरीचा युमिगामी, काबे म्हणजे भिंत म्हणून भिंतीवर चढायला शिकवणारी मांजर काबेगामी. हासुगामीतलं हासू म्हणजे कमळ. एकदा हे कळलं की नाव ऐकूनच त्याची शक्ती कळते, इंग्रजीत खेळताना नावाचा अर्थ कळत नाही आणि ही मजा पार जाते. आणि ओरिगामीत पण हेच, ओरी म्हणजे घडी, पण तिथला कामी म्हणजे कागद, वेगळा शब्द.

*

मला गेममधल्या इस्सुनबद्दल लिहायचंय. सुन हे जुनं माप, साधारण तीन सेंटिमीटर, इस्सुन म्हणजे एक सुन, बोटभर. हा बोटभर चित्रकार देवीच्या डोक्यावर उड्या मारत तिला 'आमाको' म्हणतो. इंग्रजीत त्याचं अॅमी केलंय, गोड आहे पण त्यात ती सलगी नाही. तो 'को' जवळच्याला किंवा जनावराला लावायचा, थोडा उर्मट थोडा लाडका. मराठीत याची अडचणच नाही खरं तर, आपण अभंगात विठोबाला सरळ विठ्या म्हणतो. त्यामुळे इस्सुनने तिला 'ए अमे' म्हटलं तर आपल्याला जराही वावगं वाटणार नाही, आणि 'अमातेरासूजी' वगैरे तर कृपा करून कोणी लिहू नका.

*

>> सुमी-ए ला शाईचित्र म्हणावं का?

चालेल, पण सुमी ही काजळी आणि सरस एकत्र करून केलेली वडी असते, दगडावर पाण्यात उगाळायची. आपली पोथ्यांची जुनी शाई पण काजळीचीच, डिंक घालून केलेली. म्हणून मी काजळचित्र म्हणेन. ब्रशला मात्र कुंचलाच, पेंटब्रश अजिबात नको.

*

राहिलं शिरानुई. गेमच्या कथेत शंभर वर्षांपूर्वीच्या पांढऱ्या लांडग्याला गावकरी हे नाव देतात. शब्दशः 'अनोळखी आग', जपानच्या क्यूशू बेटाजवळच्या समुद्रावर रात्री दिसणारे दिवे. मी आग्यावेताळ सुचवणार होतो पण तो रानातला, माळावरचा, आणि माणूस त्याला घाबरतो. इथे भीती नाही, समुद्रावर लांब दिसणारा उजेड आहे. किनाऱ्यावरच्या कोणाकडे अशा दिव्यांसाठी बोलीतला शब्द असेल तर नक्की लिहा, मालवणी, आगरी, कोळी, कुठलाही चालेल.